जानेवारीत काचा खाली

नुओरोचं इस्पितळ चाळीस किलोमीटर, आणि पांडा बाकीझिओची.
मी शेजारच्या सीटवर, काठी गुडघ्यांच्या मध्ये,
मागे त्याची काठी, बूच सोलायची कुऱ्हाड,
आणि बहिणीसाठी नेलेल्या चीजचा वास.

आम्हा दोघांना एकच आजार. या बेटावर तो फार.
कुणी म्हणतं रक्तातच आहे,
कुणी म्हणतं मलेरियाच्या दिवसांचं देणं.
घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे.
आमच्यात वासेच आधी फिरले,
घराला नंतर कळलं.

तो गोळ्यांवर. मी सलाईनवर.
दर सहा महिन्यांनी थेंब थेंब उतरतं
आणि माझ्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना झोपवून जातं,
चोरांशी संगनमत करणाऱ्यांना आणि प्रामाणिकांनाही.

म्हणून लस घ्यायची तर मधल्या फटीत.
डॉक्टर मुरेद्दुंनी कॅलेंडरवर नख ओढलं:
इथून इथपर्यंत.
मी घेतली.
धीट होते म्हणून नाही. त्या रात्री
पायाची बोटं एकेक हलवून मोजली,
पहाटे दिवा न लावता परत मोजली.

बाकीझिओने घेतली नाही.
त्याची गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की मलाच आठवते:
अठ्ठ्याऐंशी साल, उदिने, सक्तीची फौज,
रांगेत उघडे दंड, एक सुई,
आणि सोळाव्या दिवशी डावा डोळा धुक्यात.
डॉक्टर म्हणतात, आजार येणारच होता,
सुई त्याला फक्त वाटेत भेटली.
"वाटेत भेटलेल्याची पण चौकशी होतेच ना, पास्केद्दा?"

मी त्याला आकडे सांगितले.
तो म्हणाला, आकडे मीही रंगवलेत.
बुचाच्या झाडाची साल काढली
की उघड्या तांबड्या खोडावर
त्या सालाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगात.
मग दहा वर्षं झाडाला हात लावायचा नाही.
"माझी साल अजून धरलीच नाही," तो म्हणाला.
मी चिडले. मूर्ख म्हणाले.
पुढे ओतानापर्यंत कुणीच बोललं नाही.

डिसेंबरात माझ्या तपासणीचा कागद आला.
०.४ पेक्षा कमी.
म्हणजे शून्य, पण यंत्राला शून्य म्हणवत नाही.
लसीने दार वाजवलं,
आत सगळे झोपलेले.
कागदाच्या चार घड्या केल्या. घरी सांगितलं नाही.
पेट्रोलपंपावर, तो सुटे पैसे मोजत असताना,
उगाच बाहेर बघत बाकीझिओला सांगितलं.

त्याने पैसे दिले.
पुढच्या दोन्ही काचा खाली केल्या.
मागच्या हँडलने फिरवाव्या लागतात,
त्यासाठी उतरला,
एक पाय ओढत मागे गेला, दोन्ही फिरवल्या,
परत येऊन गाडी सुरू केली.
त्या दिवसापासून सगळा हिवाळा तसाच.
जानेवारीत वायव्येचा वारा गाडीतून आरपार,
माझ्या डोळ्यांत पाणी, त्याच्या कानांत कापूस.
तो तोंड सतत त्याच्या खिडकीकडे ठेवून बोलायचा,
म्हणजे मला निम्मंच ऐकू यायचं,
आणि त्यातलं निम्मं मेंढ्यांबद्दल असायचं.
मी त्याला परत मूर्ख म्हणाले नाही.

एप्रिलात ऊन चढलं,
सगळ्या गाड्यांच्या काचा उतरल्या,
आणि पांडाच्या चारही वर.
मी काही विचारलं नाही.
तो डावा दंड दारापासून जरा लांब धरून
नुसत्या उजव्या हाताने चाक फिरवत होता.
प्रत्येक पाटीपाशी उजवा डोळा मिटायचा
आणि मोठ्याने वाचायचा:
ओताना.
ओरानी.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"तिसरा."

मी बोटांवर हिशेब केला.
पुढच्या पाटीला मीही एक डोळा मिटला.